सही कुठे करायची?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका बाईंचा फोन आला. लेकाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी त्यांनी माझ्याकडून तंजावर पद्धतीचं बाळकृष्णाचं चित्र करून घेतलं होतं. हातात लोण्याचा गोळा, गुबगुबीत अंग, डोक्यावर सोन्याची महिरप. चित्र फार आवडल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. मग जरा घुटमळत म्हणाल्या, “ताई, एक विचारू का? रागावू नका हं. खाली कोपऱ्यात तुमचं नाव आहे ना, तेवढं झाकून देता येईल का? चित्र देवघरात लावायचंय. देवाच्या पायाशी माणसाचं नाव बरं नाही दिसत.”

मी “देते की” म्हटलं. तसंही माझं नाव ते केवढं! अर्धा इंच. त्यावर वर्खाचा एक तुकडा चिकटवला की काम झालं. पण फोन ठेवला आणि मन खट्टू झालं. माझी कॉलेजात शिकणारी लेक तिथेच बसून पोहे खात होती. चित्रकलेचीच विद्यार्थिनी आहे ती. म्हणाली, “त्यात वाईट काय वाटून घेतेस आई? नाही तरी त्यात तुझं असं काय आहे? कृष्ण ट्रेस केलेला, महिरप ठरलेली, रंगही ठरलेले. शेवटचं तुझं स्वतःचं चित्र तू कधी काढलंस?”

ती खवचटपणे बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरातल्या घरात, गॅलरी बंद करून केलेल्या कोपऱ्यात मी सतरा वर्षं हे काम करते आहे. लग्नाआधी जलरंगात निसर्गचित्रं करत असे. पुढे संसाराला हातभार हवा म्हणून तंजावर चित्रं शिकले, ऑर्डरी येऊ लागल्या आणि जलरंगांचा डबा माळ्यावर गेला. वर्षाला वीस-बावीस चित्रं होतात. त्यांतले निम्मे बाळकृष्ण, उरलेले गणपती आणि लक्ष्मी. एका दुकानदाराला मी नेमाने चित्रं देते. तो माझं नाव झाकायला सांगत नाही, तो नाव घालूच देत नाही. मागे त्याच्या दुकानाची चिठ्ठी लागते. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पैसे वेळेवर मिळत होते ना!

मनात आलं, ज्या गावाच्या नावावर आपण सतरा वर्षं भाकरी खातोय, ते गाव एकदा तरी पाहून यावं. घरच्यांनी तीन आठवड्यांची सुटी मंजूर केली. डिसेंबरच्या मध्यावर मी चेन्नईमार्गे तंजावरला पोहोचले.

चेन्नईहून हे गाव साधारण साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला. कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती चहूकडे. आपल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही, याचं कारण इतिहासात आहे. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० नंतरच्या काही वर्षांत तंजावर घेतलं आणि तिथे १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. त्या काळात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत. अशाच एका घरात एका आजींकडे माझी राहायची सोय झाली. त्यांचं मराठी ऐकताना गंमत वाटायची. हेल तमिळ, मधेमधे तमिळ शब्द, आणि एखादा शब्द असा जुना की आपल्या पणजीनंतर तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नसावा.

तिकडे तेव्हा मार्गळी महिना लागला होता, म्हणजे साधारण आपला मार्गशीर्ष-पौष. भल्या पहाटे दारापुढे सडा घालून कोलम काढायचा, हे या महिन्यात जास्तच निगुतीने चालतं. आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण पाचला उठून तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडायच्या आणि त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ फिरवायच्या. नऊ वाजेपर्यंत सायकली, स्कूटरी, शाळेची मुलं त्यावरून जायची आणि उरलेलं पीठ मुंग्या न्यायच्या. मी विचारलं, “आजी, इतकं छान काढता, पुसलं जातं त्याचं वाईट नाही वाटत?” त्या म्हणाल्या, “पुसलं नाही तर उद्या कुठे काढू?”

राजवाड्यामागच्या एका गल्लीत मी काम शिकायला जात असे. शिकवणारे मास्टर सत्तरीचे. तंजावर आणि तिरुचिरापल्लीकडे राजू आणि मदुरेकडे नायडू समाजातली घराणी ही चित्रं करत आली. मूळची ती तेलुगूभाषक. विजयनगरच्या पडत्या काळात कलावंत दक्षिणेकडे सरकले, तंजावरच्या नायक राजांनी आणि पुढे भोसल्यांनी त्यांना आश्रय दिला. मास्टरांच्या घरात अजून तेलुगू बोलतात. माझ्याशी ते मोडकी हिंदी, थोडी इंग्रजी आणि पुष्कळशा खाणाखुणा यांवर भागवायचे. मला ‘अम्मा’ म्हणायचे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी लाकडी फळी. पूर्वी फणसाची वगैरे घेत, आता पाण्याने न फुगणारं प्लायवूड. तिच्यावर कापड चिकटवायचं. पूर्वी त्याला चिंचोक्याची खळ असायची. मग खडूची पूड आणि डिंक यांचे थर द्यायचे, वाळले की घासून गुळगुळीत करायचे. त्यावर रेखाटन. पुढे दागिने, महिरप, खांब, वस्त्रांचे काठ, जे जे उठावाचं असेल तिथे खडूपूड आणि डिंकाचीच लांबी ब्रशने भरायची. त्यात खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख चढवायचा आणि दाबून दाबून खालची नक्षी वर आणायची. रंग त्यानंतर, आणि डोळे सर्वांत शेवटी. घरात पुरण शिजवणाऱ्या बाईला हे काम चटकन कळतं. लांबी सैल झाली तर पसरते, घट्ट झाली तर तडकते. ती कशी हवी ते वजनमापाने सांगता येत नाही, हाताला कळावं लागतं.

मास्टरांकडे पाच माणसं होती. एक मुलगा फळ्या तयार करायचा, दोन बायका खडे आणि वर्ख पाहायच्या, मास्टरांचा भाचा रंग भरायचा. मास्टर रेखाटन करायचे आणि डोळे काढायचे. चित्रावर सही कुणाचीच नाही. जुन्या तंजावर चित्रांवरही चित्रकाराचं नाव सहसा सापडत नाही. २००७-०८ साली तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याने मान मिळाला. ते चांगलंच झालं. पण काम करणाराचं नाव चित्रावर त्याने आपोआप येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी धीर करून माझा एक छोटा बाळकृष्ण मास्टरांपुढे ठेवला. घरून मुद्दाम नेला होता. त्यांनी तो खिडकीशी नेला, तिरपा धरला आणि महिरपीवरून अंगठा फिरवला. एका जागी थांबून म्हणाले, “इथे तुम्ही उठलात अम्मा.” मला कळेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. वेलीची उठावाची रेघ तिथे केसभर जाड झाली होती. लांबी ओली असते तोवर रेघ सलग जाते. मधेच उठलं की वाटीतली लांबी आळते आणि परत बसून जोडलेली रेघ जरा निराळी येते. वर सोनं चढलं तरी अंगठ्याला ती कळते. “इथेही उठलात,” त्यांनी दुसरी जागा दाखवली. “आणि इथे.”

मी मनात हिशेब केला. एक कुकरची शिट्टी असणार. एक दूधवाला. आणि तिसऱ्या वेळी, मला आठवलं, सासूबाईंनी आतून हाक मारली होती. त्या तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी ओशाळून म्हटलं, “घरात काम करते, त्यामुळे होतं असं.” मास्टर हसले. दुरुस्तीसाठी आलेलं एक जुनं चित्र त्यांनी पुढे ओढलं. त्यांच्या आजोबांच्याही आधीचं असावं, असा त्यांचा अंदाज. एका खांबावरचा वर्ख सुटून आला होता आणि खालची खडूची लांबी उघडी पडली होती. त्यांनी भिंग दिलं. लांबीवर अंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा दिसत होती. लांबी ओली असताना कुणीतरी ती दाबून बसवली होती आणि वर सोनं चढवून ठसा झाकून टाकला होता.

“हे दुरुस्त करताना ठसा घासून टाकणार?” मी विचारलं. मास्टर म्हणाले, “छे. तो आहे तिथेच राहील. त्यावर पुन्हा वर्ख.”

त्या दिवशी मी हलकी होऊन घरी आले. लेकीला उत्तर सापडलं असं वाटलं. या कामात माझं काय आहे? तर माझं उठणं-बसणं आहे, त्या वेलीत माझ्या घरातला एक दिवस आहे. नाव झाकलं म्हणून काय झालं! हात तर आतच आहे. आजींनाही मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “उद्या मोठ्या देवळात जाऊन ये. भिंतीवर बायकांची नावं आहेत म्हणतात.”

मोठं देऊळ म्हणजे बृहदीश्वर. राजराज चोळाने बांधलेलं, १०१० साली पूर्ण झालेलं. सुमारे साठ मीटर उंचीचं शिखर पाहायला सगळे जातात. मी त्या दिवशी मान खाली घालून भिंती पाहत हिंडले. देवळाच्या भिंती तमिळ लेखांनी भरलेल्या आहेत. आपण काय दिलं, आपल्या थोरल्या बहिणीने काय दिलं, राण्यांनी आणि इतरांनी काय दिलं, ते सगळं दगडावर कोरून ठेवा अशी राजाचीच आज्ञा होती. आणि त्याच लेखांत देवळात नाचणाऱ्या सुमारे चारशे स्त्रियांची यादी आहे. निरनिराळ्या देवळांतून त्यांना राजाने तंजावरला आणवलं होतं. प्रत्येकीचं नाव, ती कोणत्या देवळातून आली ते, इथे तिचं घर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या रांगेत कितवं ते, आणि वर्षाला तिचा वाटा किती, तर शंभर कलम भात. पुढे नाचाचे शिक्षक, गाणारे, वाजवणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार. मुख्य स्थपतीचंही नाव आहे, कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन.

मला तमिळ वाचता येत नाही. सोबत आलेल्या आजींच्या नातवाने जमेल तेवढं समजावून सांगितलं. हजार वर्षांपूर्वीच्या एका नाचणाऱ्या बाईचं घर रांगेत कितवं होतं, हे आज आपल्याला कळू शकतं! मी ज्या इमारतीत राहते तिथल्या शेजारणीचं पूर्ण नाव मला सांगता येणार नाही.

त्याच देवळात गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकाळातली भित्तिचित्रं आहेत. नायकांच्या काळात त्यांच्यावर दुसरी चित्रं काढली गेली आणि मूळची झाकली गेली. वरचा थर पडला होता तिथे खालची चित्रं दिसली, ती एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकांना १९३१ साली. तो मार्ग सर्वांना खुला नसतो, त्यामुळे मी आवारातली छायाचित्रं पाहून समाधान मानलं. त्रिपुरांतक शिव, सुंदरर या संताची कथा. काय रेषा आहे! पण ती रेषा ज्यांची, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

नाचणाऱ्या बायकांची नावं राहिली आणि या चित्रकारांची नाहीत, असं का? मी आवारातल्या सावलीत बसून बराच वेळ विचार करत होते. नावं कोरली गेली त्याचं कारण मला तरी साधं वाटलं. त्यांना भात मोजून द्यायचा होता. कुणाला किती द्यायचा याची नोंद हवी होती. कलेच्या गौरवासाठी म्हणून नव्हे, हिशेबासाठी ती नावं लिहिली गेली, आणि हिशेब चोख होता म्हणून माणसं उरली. कालपर्यंत मला त्या झाकलेल्या अंगठ्याचं फार कौतुक वाटत होतं. पण ज्याचा तो अंगठा, त्याने आपण होऊन नाव लपवलं, असं कुठे आहे? बहुधा त्याला कुणी विचारलंच नसेल.

याच आवारात आपल्या माणसाला थबकायला लावणारी आणखी एक भिंत आहे. तिथे देवनागरीत, मराठी भाषेत, भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. दुसरे सरफोजीराजे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी तो सिद्ध केला, १८०३ साली. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या करारात राज्याचा कारभार गेला. किल्ला आणि आसपासचा भाग तेवढा हाती राहिला. राज्य नसलेल्या या राजाने मग १८३२ पर्यंत ग्रंथ जमवले, वैद्यक अभ्यासलं, गायक, नर्तक, चित्रकार पोसले. आज आपण ज्याला तंजावर चित्र म्हणतो त्याला पुष्कळसं रूप त्यांच्याच काळात आलं. त्यांचं सरस्वती महाल ग्रंथालय आजही चालू आहे. तिथे मराठी पोथ्या आहेत आणि मोडी कागदांचे गठ्ठेही. त्या मोडी कागदांत राजवाड्याचे रोजचे खर्च आहेत. सणाला काय आणलं, कुणाला काय दिलं. म्हणजे इथेही पुन्हा हिशेबच.

त्या मराठी लेखाची अक्षरं वाचत मी उभी होते आणि मला एकदम आमच्या ताई आठवल्या.

ताई म्हणजे माझ्याकडे खडे बसवायला येतात त्या. अकरा वर्षं येताहेत. माझ्या प्रत्येक चित्रातला प्रत्येक खडा त्यांच्या हातचा आहे. एका चित्रात तीन-चारशे खडे असतात. चिमट्याने उचलायचे, लांबी ओली आहे तोवर बसवायचे, ओळ वाकडी होऊ द्यायची नाही. माझं नाव झाकलं म्हणून मी रात्रभर कुढले होते. आणि अकरा वर्षांत मी कुणापुढेही, एकदाही, ताईंचं नाव घेतलं नव्हतं. “खडे कोण लावतं?” असं कुणी विचारलं तर मी सांगत असे, “आहे एक मदतीला.” त्यांचा दर मी शेवटचा कधी वाढवला होता, तेही मला तिथे उभं राहून आठवेना. त्या दुकानदारात आणि माझ्यात मग फरक तो काय?

घरी आले ती हे सगळं डोक्यात घेऊनच. वास्तुशांतीच्या बाईंचं चित्र कपाटात होतं. पुढचं नाव मी सांगितल्याप्रमाणे वर्खाने झाकलं. देवघर त्यांचं, श्रद्धा त्यांची, त्यात माझा हट्ट नको. मग चित्र उलटं केलं आणि फळीच्या मागे पक्क्या शाईने लिहिलं: रेखाटन, लांबीकाम आणि रंग यांपुढे माझं नाव, खडेकाम यापुढे ताईंचं, आणि खाली महिना, साल. तेव्हापासून घरातून जाणाऱ्या प्रत्येक चित्रामागे असं लिहिते. खड्यांचा दरही वाढवला. शंभर कलम भाताशेजारी ते नाव कोरलेलं आहे, हे विसरून चालायचं नाही. भात न मोजता नुसतं नाव लिहिलं असतं तर तो माझा लबाडपणा झाला असता.

त्यामुळे चित्राची किंमत थोडी वाढली. दुकानदाराला ती परवडेना, आणि मागे नावं लिहिलेलीही चालेनात. त्याचं काम गेलं. वर्षाला सहा-सात चित्रं कमी झाली. घरात त्यावर थोडी धुसफूस झाली, नाही असं नाही.

आणि लेकीचा प्रश्न? तो अजून आहे तिथेच आहे. तिला मी केसभर जाड झालेल्या रेघेची गोष्ट सांगितली. तिने चित्रावरून अंगठा फिरवून पाहिला, तिला ती जागा सापडली, आणि ती काही बोलली नाही. मग दोन दिवसांनी तिने माळ्यावरून माझा जलरंगांचा डबा काढून ओट्यावर ठेवला. वड्या वाळून भुगा झाल्या होत्या. नव्या आणल्या आहेत. दुकानदाराच्या कामाचा वेळ मोकळा झालाय, त्यात रविवारी सकाळी तासभर बसते. अजून काही म्हणावं असं जमलेलं नाही. खिडकीतली तुळस तीनदा काढली, तीनदा बिघडली. आजींचं वाक्य आठवते आणि पुढचा कागद घेते.

हा लेख लिहिताना ताईंना विचारलं, तुमचं नाव छापू का? त्या लाजून म्हणाल्या, “अहो, पेपरात नको. चित्रामागं आहे तेवढं पुरे.” म्हणून इथे ते नाही. पण पहिल्यांदा मी त्यांना फळीमागचं नाव दाखवलं, तो दिवस सांगते. त्यांनी पदराला हात पुसले, फळी उजेडात धरली, एकेक अक्षर वाचलं. खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धाकट्या मुलाला घेऊन आल्या आणि त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, पुढच्या वेळी अक्षर जरा मोठं काढा.”